पगाराची स्लिप नाही, वही आहे



मागच्या बैठकीत कर्जाचे हप्ते आणि इतिवृत्त झाल्यावर आपल्यातली एक ताई उठून उभी राहिली. एरवी ती फार बोलत नाही. त्या दिवशी म्हणाली, "मला कुणी सांगाल का, मी कमावते हे कागदावर कसं दाखवायचं?"

ताईची मुलगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली. पुढं अकरावी-बारावी लातूरला करायची ठरलं. आपल्याकडच्या कितीतरी मुली लातूरला शिकायला जातात आणि बऱ्याच वेळा त्यांच्यासोबत आई जाऊन राहते. तसंच हेही. नवरा गावात शेती बघणार, ताई मुलीसोबत दोन खोल्या घेऊन राहणार आणि मशीन तिकडंच नेऊन शिवणकाम चालू ठेवणार. हिशोब चांगला होता. पण खोली बघायला गेल्यावर घरमालकानं पहिलाच प्रश्न विचारला, "नोकरीला कोण आहे तुमच्यात?"

ताई म्हणाली, "नोकरीला कुणी नाही काका. मी शिवणकाम करते."

"मग पगाराची स्लिप नाही म्हणा की. उत्पन्नाचं काही आहे का?"

ताईनं पिशवीतून उत्पन्नाचा दाखला काढून दिला. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला. त्यावर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न होतं ४८,००० रुपये. मालकानं वाचला, घडी घातली आणि परत दिला. "महिन्याला चार हजार झाले ताई. साडेतीन हजार भाडं दिल्यावर खाणार काय?"

ताईकडं उत्तर नव्हतं. खरं तर ती त्याहून बरीच जास्त कमावते. पण ते सांगायला तिच्याकडं तोंडाशिवाय काही नव्हतं, आणि हातातला कागद उलटंच बोलत होता.

हा प्रश्न एका ताईचा नाही. कुणी तालुक्याला खानावळीसाठी गाळा बघतं, कुणाला पुण्यात पार्लरसाठी खोली हवी असते, कुणाची सून शहरात पापड-मसाल्याचं काम करते. पगार घेणाऱ्याला एक कागद पुरतो. आपल्याला चार कागद जोडावे लागतात. ते कोणते आणि कसे तयार करायचे, हा या वेळचा पाठ.

घरमालकाला नेमकं काय हवं असतं?

आपल्याला वाटतं, मालकाला आपली कमाई बघायची असते. खरं तर त्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. दर महिन्याला भाडं येईल का, आणि माणसं भरवशाची आहेत का. पगाराची स्लिप कायद्यानं लागते असं काही नाही. ती त्याच्या ओळखीची असते, म्हणून तो मागतो. म्हणजे आपण ह्या दोन प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या कागदांनी दिली तरी चालतं. फक्त ते कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत.

आधी हे समजून घ्या: गल्ला म्हणजे उत्पन्न नाही

बैठकीत ताईला विचारलं, "महिन्याला किती मिळतात?" ती म्हणाली, "अकरा-बारा हजार." मग तिचा एक महिना मांडला:

साधे ब्लाउज ६०, प्रत्येकी १५० रुपये: ९,०००
साडीला फॉल-बिडिंग ४०, प्रत्येकी ६० रुपये: २,४००
एकूण आले: ११,४००

धागा, अस्तर, हुक: २,१००
वीज: ३००
मशीनची दुरुस्ती, तेल, सुया: २००
एकूण खर्च: २,६००

हातात उरले: ८,८००

११,४०० ही उलाढाल, ८,८०० हे उत्पन्न. मालकाला सांगायचा तो ८,८०० चा आकडा. मोठा आकडा सांगावासा वाटतो, पण खर्च विचारला की आपण अडकतो. आणि एकदा आकडा बदलला की पुढच्या खऱ्या आकड्यावरही विश्वास राहत नाही.

दुसरं असं की, आपलं उत्पन्न दर महिन्याला सारखं नसतं. लग्नसराईत हातात पैसा असतो, पितृपक्षात मशीनवर धूळ बसते. म्हणून एका महिन्याचा आकडा घेऊन चालत नाही, वर्षाचा घ्यावा. ताईच्या नशिबानं तिची वही होती. गटातून मशीनसाठी कर्ज घेतलं तेव्हा सीआरपी ताईनं लिहायची सवय लावली होती. गुढीपाडव्यापासून पुढं बारा महिने तिनं लिहिलं होतं. बेरीज केली तर खर्च जाऊन वर्षाला १,०२,००० रुपये उरले. म्हणजे सरासरी महिन्याला ८,५००. सगळ्यात चांगला महिना वैशाखातला, १४,२०० चा. सगळ्यात वाईट भाद्रपदातला, ४,६०० चा.

हा ४,६०० चा आकडा लपवायचा नाही. उलट तोच दाखवायचा. "सगळ्यात मंदीच्या महिन्यातसुद्धा साडेतीन हजार भाडं निघतं" हे वाक्य कुठल्याही स्लिपपेक्षा भारी आहे. अर्थात भाडं देऊन उरतात ११०० रुपये, त्यात दोघींचं भागत नाही. म्हणून तेजीच्या महिन्यातले दोन महिन्यांच्या भाड्याइतके, म्हणजे ७,००० रुपये, खात्यात वेगळे ठेवायचे हेही आपण तिथंच ठरवलं.

कोणते कागद जोडायचे?

१. व्यवसायाची वही. तारीख, गिऱ्हाईक किंवा काम, आलेले पैसे, झालेला खर्च, एवढे चार रकाने पुरेत. रोजच्या रोज लिहा. एका रात्रीत एकाच पेनानं लिहिलेली वर्षाची वही लगेच ओळखू येते. महिना संपला की बेरीज करून सही करा.

२. स्वतःच्या नावाच्या बँक खात्याचं पासबुक. किमान सहा महिन्यांचं, जमलं तर वर्षाचं, शिक्क्यासह छापून घ्या. इथं ताईची एक अडचण निघाली. तिच्या घराच्या भिंतीवर क्यूआर कोड आहे, गिऱ्हाइकं त्यावर पैसे टाकतात, पण तो कोड जोडलाय पुतण्याच्या खात्याला! पैसे ताईच्या कष्टाचे, कागदावर कमाई पुतण्याची. सख्यांनो, आज घरी गेल्यावर एवढं एक बघा: तुमचा कोड कुणाच्या खात्याला जोडलाय? दुसऱ्याच्या असेल तर बँक सखीला सोबत घेऊन बदलून घ्या. रोख येणारे पैसेही आठवड्यातून एकदा आपल्या खात्यात भरा, म्हणजे वही आणि पासबुक जुळतं. उसने पैसे खात्यात भरून दुसऱ्या दिवशी काढून घ्यायचे, असले उद्योग मात्र नकोत. कर्जाची रक्कमही उत्पन्न नसते, ती वेगळी दाखवा.

३. व्यवसायाची नोंदणी. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. कुणी "सरकारी फी" म्हणून हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. केंद्रावर फॉर्म भरून देण्याचे चार पैसे द्यावे लागले तर ती गोष्ट वेगळी. खाण्याचे पदार्थ करणाऱ्या सख्यांनी अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्यावी, दुकान असेल तर शॉप ॲक्टचा कागद ठेवावा. हे कागद "किती कमावते" ते सांगत नाहीत. "हा धंदा खरंच आहे आणि अमुक तारखेपासून आहे" एवढं सांगतात. तेवढंही कामाचं असतं.

४. आयकर विवरणपत्र, म्हणजे रिटर्न. "आपल्याला कुठं कर लागतो?" असं सगळ्या म्हणतात. बरोबर आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच नाही. पण रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर शून्य असला तरी रिटर्न भरता येतं. लहान व्यवसायासाठी आयटीआर-४ म्हणजे 'सुगम' नावाचा फॉर्म आहे. भरल्यावर ३० दिवसांत आधारच्या ओटीपीनं पडताळणी करायची, नाहीतर भरलेलं धरलं जात नाही. दोन-तीन वर्षांची रिटर्न असली तर मालकच काय, बँकही मान देते. मात्र घरात उत्पन्नाच्या किंवा आयकराच्या अटीवर कुठल्या योजनेचा लाभ चालू असेल तर आधी त्या योजनेची अट नीट वाचा, जाणकाराला विचारा आणि मगच भरा.

५. गटाचं वैयक्तिक पासबुक. हा कागद आपण विसरतोच. बचत किती वर्षं केली, कर्ज किती घेतलं, हप्ता कधी चुकला का, हे सगळं त्यात आहे. मालकाचा खरा प्रश्न "दर महिन्याला पैसे देते का?" हाच असतो. चार वर्षं एकही हप्ता न चुकवलेली बाई भाडं का चुकवेल?

६. आधीच्या घराच्या पावत्या. आधी कुठं भाड्यानं राहिला असाल तर भाड्याच्या पावत्या, वीजबिल भरल्याच्या पावत्या ठेवा. त्याही नियमितपणाच्या साक्षी असतात.

उत्पन्नाचा दाखला: इथं जपून

तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आपल्या सगळ्यांच्या घरी असतो. आपले सरकार सेवा केंद्रातून अर्ज करायचा, तलाठ्यांचा म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा अहवाल जोडायचा, की मिळतो. पण त्याबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, तो दाखला संपूर्ण कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो, आपल्या एकटीच्या नाही. शेती, मजुरी, आपला व्यवसाय, सगळं त्यात यायला हवं.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण बोललंच पाहिजे. "कमी लिहा, शिष्यवृत्ती मिळंल" म्हणून आपण आकडा पाडून सांगतो. ताईच्या घरचं खरं उत्पन्न बघा: तिचे १,०२,००० आणि शेतीचे खर्च जाऊन ४५,०००, म्हणजे १,४७,०००. दाखल्यावर लिहिलं ४८,०००. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी अडीच लाख रुपये आहे, आणि काही सवलतींची त्याहूनही जास्त. म्हणजे खरं लिहिलं असतं तरी तिच्या मुलीला मिळणारी शिष्यवृत्ती मिळालीच असती. फायदा काहीच झाला नाही, उलट आपणच आपल्या कमाईचा दोन तृतीयांश भाग कागदावरून पुसून टाकला. अर्जावर आपण सत्य माहितीचं स्वयंघोषणापत्र सही करून देतो, खोटं निघालं तर त्याची जबाबदारीही आपल्यावर येते. पुढच्या वेळी दाखला काढताना जे आहे तेच सांगायचं, हे ताईनं बैठकीतच कबूल केलं. आणखी तीन हात हळूच वर आले, हे इथं लिहून ठेवते. नावं लिहीत नाही.

ग्रामसंघाचं पत्र

ग्रामसंघ उत्पन्नाचा दाखला देऊ शकत नाही, पण आपल्या दप्तरात जे आहे त्याचं पत्र देऊ शकतो. नमुना असा:

"श्रीमती ________ या आमच्या ________ स्वयंसहाय्यता समूहाच्या सन ____ पासून सदस्य आहेत. त्यांनी समूहातून आजवर ____ वेळा मिळून एकूण रुपये ________ कर्ज घेतले असून, दिनांक ________ अखेर त्यांची परतफेड नियमित आहे. त्या ________ हा व्यवसाय करतात, हे आम्हांस प्रत्यक्ष माहीत आहे. हे पत्र त्यांच्या विनंतीवरून, घर भाड्याने घेण्याच्या कामासाठी दिले आहे."

खाली अध्यक्ष आणि सचिवांची सही, शिक्का, तारीख, आणि इतिवृत्तात नोंद. "यांचे उत्पन्न अमुक आहे" असं पत्रात लिहू नका, कारण ते आपण मोजलेलं नाही. आणि जिची परतफेड थकली आहे तिला "नियमित" असं लिहून देऊ नका, मग ती कितीही जवळची असो. एक खोटं पत्र गेलं की पुढच्या दहा खऱ्या पत्रांची किंमत जाते.

मालकासमोर कसं बोलायचं?

सगळे कागद एकदम पुढं टाकू नका. वर एक पान ठेवा: नाव, व्यवसाय, किती वर्षांपासून, बारा महिन्यांचं उत्पन्न महिन्यावार, सरासरी, सगळ्यात कमी महिना. खाली बाकीचे कागद. झेरॉक्सवर "फक्त खोली भाड्याने घेण्यासाठी" असं लिहून तारीख टाका आणि सही करा. आधारची प्रत बघायला द्यायची असेल तर शेवटचे चार अंकच दिसणारं आधार डाउनलोड करता येतं, ते द्या. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर किंवा कोऱ्या चेकवर सही करायची नाही. ओटीपी कुणालाच नाही.

मालक एक प्रश्न हमखास विचारतो. ताईलाही विचारला गेला, "गावातली गिऱ्हाइकं लातूरला येणार आहेत का?" प्रश्न रास्त आहे. मागच्या वर्षीची कमाई पुढच्या वर्षी राहीलच असं नाही. ताईनं याची तयारी केली होती. शनिवार-रविवार गावी जाऊन माप आणि कापड घेऊन यायचं, आणि लातूरच्या एका साडीच्या दुकानदाराकडून फॉल-बिडिंगचं काम मिळवायचं. दुकानदाराशी ती आधीच बोलून आली होती. जागा बदलणार असाल तर धंदा कसा चालणार, हे आधी स्वतःला विचारा. मालकाला उत्तर द्यायला तर ते लागेलच, पण त्याआधी आपल्याला स्वतःला लागेल.

करार नोंदवलेलाच हवा

खोली मिळाली की आपण आनंदात करार विसरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असावाच लागतो. ११ महिन्यांचा असला तरीही. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाला सिद्ध करावं लागतं.

खर्चाची भीती बाळगू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं, त्यात परत मिळणाऱ्या अनामत रकमेवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याजही मोजतात. ३,५०० भाडं, १०,००० अनामत आणि ११ महिने असा हिशोब केला तर साधारण १०० रुपये होतात. नोंदणी फी लातूरसारख्या महापालिका हद्दीत १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणीसाठी माणूस बोलावला तर त्याचे पैसे वेगळे. ते कोण भरणार हे आधीच बोलून घ्या.

अनामत आणि भाडं शक्यतो खात्यातून द्या. रोख दिलं तर पावती घ्या. हीच पावती पुढच्या घरासाठी तुमचा पुरावा होते.

ताईचं पुढं काय झालं?

पहिल्या मालकानं खोली दिली नाही. कागद घेऊन ती पुन्हा गेली होती, पण त्यांना नोकरीवालाच हवा होता. दुसरीकडं खोली आधीच गेली होती. तिसरं घर एका निवृत्त शिक्षिकेचं, कॉलेजपासून थोडं लांब. बाईंनी सगळे कागद बघितले, पण सगळ्यात जास्त वेळ बघितली ती वही. भाद्रपदाच्या पानावर थांबून म्हणाल्या, "इथं कमी का?" ताई म्हणाली, "पितृपक्ष होता बाई. नवे कपडे कोण शिवतंय?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "खरं लिहिलंय."

करार झाला, नोंदणी झाली. मुलगी अकरावीला आहे. मशीन खिडकीशी मांडलंय. क्यूआर कोड आता ताईच्या स्वतःच्या खात्याला जोडलाय.

सख्यांनो, गरज पडल्यावर उत्पन्नाचा पुरावा एका दिवसात गोळा होत नाही. तो रोज संध्याकाळी दोन ओळी लिहून तयार होतो. आज कुणाला घर भाड्यानं घ्यायचं नसेलही, पण वही आजपासूनच सुरू करा.

पुढच्या बैठकीत गटात बोलायचे प्रश्न

१. आपल्या गटात किती जणींच्या व्यवसायाचे पैसे स्वतःच्या खात्यात येतात?
२. मागच्या महिन्याची उलाढाल आणि उत्पन्न प्रत्येकीनं वेगवेगळं मांडून दाखवा.
३. आपल्या उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा आणि खरं उत्पन्न जुळतं का?
४. ग्रामसंघानं पत्र देताना कोणत्या अटी पाळायच्या, याचा ठराव करून इतिवृत्तात लिहा.